ख्रिस्तपुराण वर्गात शिकवायचं कसं? दोन क्रेडिटच्या पेपरची मांडणी

प्रश्न असा आहे: ख्रिस्ती संस्थेनं चालवलेल्या एका कला महाविद्यालयात 'श्रद्धा, भाषा आणि कथन' असा दोन क्रेडिटचा ऐच्छिक पेपर मराठीतून सुरू करायचा आहे. वर्गात साठेक मुलं असतील, त्यांत ख्रिस्ती जेमतेम दहा-बारा. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण', म्हणजे गोव्यातल्या धर्मगुरूनं मराठी ओव्यांत सांगितलेली बायबलची कथा, मध्यभागी ठेवावं असं विभागाच्या मनात आहे. पण चारशे वर्षांपूर्वीची भाषा, धर्मांतराचा इतिहास आणि मिश्र वर्ग, या तिन्हींची धास्ती वाटते. तर सुरुवात कुठून करावी?

कानापासून. ख्रिस्तपुराण एकट्यानं मनात वाचायला रचलेलंच नाही. रविवारी, सणावारी चर्चमध्ये जमलेल्या मंडळींसमोर एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा त्याचा घाट आहे. म्हणून सगळा पेपर एका प्रश्नाभोवती बांधावा: कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, आणि ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून काय बसलेलं आहे? श्रद्धा, भाषा आणि कथन असे तीन घटक पाडून प्रत्येकाला दहा-दहा तास वाटले की पेपर मेलाच म्हणून समजा. अभ्यासमंडळाला घटक लागतात, ते कागदावर खुशाल दाखवा. वर्गात मात्र तिन्ही एकाच ओवीत येऊ द्यात.

बहुतेक ठिकाणी होतं काय, तर पहिले आठ-दहा तास इतिहासात जातात. पोर्तुगीज आले, इन्क्विझिशन (धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय) आलं, छापखाना आला. ग्रंथ हातात येईपर्यंत निम्म्या वर्गाचं मत ठरून गेलेलं असतं आणि उरलेला निम्मा बचावाच्या पवित्र्यात बसलेला असतो. इतिहास टाळायचा नाहीच, तो पुढे सविस्तर येतो. पण तो ग्रंथातूनच निघाला पाहिजे. पहिल्या तासाला एका पानावर मोजकी माहिती द्या, वीस मिनिटांत ती संपवा आणि ओवीकडे वळा.

त्या पानावर एवढं पुरे. थॉमस स्टीफन्स हा विल्टशरचा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्यात उतरला, त्याची पुढची जवळजवळ सगळी हयात दक्षिण गोव्यातल्या साष्टीत गेली आणि १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला, म्हणजे राशोलला, रोमी लिपीत छापलं गेलं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघालं. या तिन्ही छापांची एकही प्रत आज हाताशी नाही. पहिल्या पुराणात जुना करार, अवस्वर ३६. दुसऱ्यात येशूचं चरित्र, अवस्वर ५९. अवस्वर म्हणजे अध्याय. एकूण ओव्या अकरा हजारांच्या घरात. त्याच लेखकाचं कोकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरलाच छापलं गेलं, हेही सांगून ठेवा. मराठी आणि कोकणी यांतला फरक त्याला चांगला ठाऊक होता, हे पुढे उपयोगी पडतं.

प्रती मिळवण्याचं काम सत्र सुरू होण्याआधी दोन महिने हाती घ्या. मंगळूरला १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी काढलेली रोमी आवृत्ती अभ्यासकाला लागते, वर्गाला नाही. देवनागरीत शांताराम बंडेलूंची १९५६ ची आवृत्ती, कारिदाद द्रागो यांची १९९६ ची आणि नेल्सन फलकाव यांची २००९ ची आहे. फलकावांच्या आवृत्तीत आजच्या मराठीतला अर्थ सोबत असल्यानं शिक्षकाच्या टेबलावर ती हवीच. पण त्या अर्थाची झेरॉक्स मुलांना सुरुवातीलाच देऊ नका. अर्थ हातात पडला की मूळ ओवी कुणी म्हणत नाही. शिवाय आवृत्त्यांमध्ये पाठभेद आहेत, लेखनपद्धती वेगळी आहे. संपूर्ण वर्गासाठी एकच आवृत्ती ठरवा, नाहीतर दर तासाला पहिली दहा मिनिटं 'सर, माझ्याकडे वेगळंच आहे' यात जातात. लंडनच्या मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तप्रतही आहे. तिच्यात छापील पाठातले परके शब्द काढून संस्कृत वळणाचे घातलेले दिसतात. दोन्ही पाठांतल्या चार-पाच ओव्या शेजारी ठेवल्या तर एक उत्तम तास होतो, पण तो सत्राच्या उत्तरार्धात.

दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. एवढ्यात अकरा हजार ओव्यांपैकी दीडशे ते दोनशे नीट होतात, त्याहून जास्तीचा हव्यास नको. सुरुवातीला तासाला सहा-आठ ओव्या, पाचव्या आठवड्यापासून पंधरा-वीस. निवड करताना पहिल्या अवस्वरातलं नमन आणि भाषेविषयीच्या ओव्या, मग सृष्टीची उत्पत्ती आणि आदाम-एवेचं पतन, दुसऱ्या पुराणातला येशूचा जन्म आणि दुःखभोगाचा, म्हणजे त्याच्या छळाचा आणि क्रूसावरच्या मरणाचा, एक सलग तुकडा, असा क्रम धरावा. मधले राजे-संदेष्टे सोडून द्या.

आता प्रत्यक्ष पहिला तास. कागद कुणालाच द्यायचा नाही. शिक्षकानं ही ओवी म्हणायची:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा ।
कि रत्नांमाजि हिरा निळा ।
तैसी भाषांमाजि चोखळा ।
भाषा मराठी ॥

पहिल्यांदा साध्या बोलण्याच्या लयीत, दुसऱ्यांदा प्रत्येक चरणाला थांबून, तिसऱ्यांदा सगळ्यांनी मागून. मग मुलांनी ऐकलेलं आपल्या वहीत लिहायचं आणि त्यानंतरच छापील ओवी हातात द्यायची. निम्मी मुलं 'हरळां' ऐकून 'हराळी' समजतात आणि गवताचं चित्र डोळ्यांपुढे आणतात. तांदूळ निवडताना सापडणारा बारीक खडा तो हरळ, हे ज्याच्या घरात तांदूळ निवडले जातात त्यालाच सुचतं. शिक्षकानं सांगून टाकू नये, वर्गातून येऊ द्यावं. इथे पहिल्यांदा लक्षात येतं की हा परका माणूस स्वयंपाकघराच्या भाषेपर्यंत पोचलेला होता.

मग अक्षरं मोजा. पहिला चरण ११, दुसरा ९, तिसरा ९, चौथा ५. पहिल्या तिन्ही चरणांना 'ळा'चं यमक, चौथा आखूड आणि मोकळा. लगेच ज्ञानेश्वरीतली 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' ही ओवी घ्या, ती बहुतेकांना पाठ असते: ११, ११, ८, ४. ग्रंथासाठीच्या ओवीला अक्षरांचं बंधन नसतं, तीन यमकं आणि शेवटी आखडता चरण एवढंच तिचं शील. याच्या शेजारी मोठा अभंग ठेवला की फरक उघड होतो: तिथे ६, ६, ६, ४ अशी ठरीव मोजणी आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. 'म्हणजे ओवीत लांबच लांब कथा सांगता येते, अभंगात जमत नाही' हे कुणीतरी बोलतंच. बोललं नाही तर पुढच्या आठवड्यात प्रत्येकाला काल घरी घडलेली एखादी गोष्ट एक ओवी आणि एक अभंग अशा दोन्हीत लिहून आणायला लावा. अभंगात घटना सांगताना जीव मेटाकुटीला येतो, आणि छंद कशासाठी असतो हे व्याख्यानाशिवाय समजतं.

पठणात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, मुलं चौथा चरणही पहिल्या तीनइतकाच ओढतात. तो पटकन सोडायचा असतो. तिथे वक्ता श्वास घेतो, श्रोता मान डोलावतो. दुसरं, कुणीतरी उत्साहानं तबला-पेटी आणतं आणि सगळं भजनी ठेक्यात जाऊन बसतं. ठेका आला की शब्द बुडतात. चौथ्या आठवड्यापर्यंत वाद्य नको.

रोमी लिपीचा एक तास जरूर ठेवा, कारण मुलांना त्यात मजा वाटते आणि छापखान्याची अडचण कळते. देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते, म्हणून पोर्तुगीज वळणाच्या अक्षरांत मराठी बसवली. एक्स म्हणजे श; एल, एन, टी, डी ही अक्षरं जोडीनं आली की ळ, ण, ट, ड; यू आणि व्ही एकमेकांच्या जागी. एवढ्या चाव्या देऊन सालढाणांच्या आवृत्तीतल्या चार ओव्या फळ्यावर लिहा आणि देवनागरीत उतरवायला सांगा. भ्रमणध्वनीवर रोमी अक्षरांत मराठी लिहिणारी ही पिढी अर्ध्या तासात ते करते.

तिसऱ्या आठवड्यात नमन. 'वो नमो विश्वभरिता' असं ख्रिस्तपुराण उघडतं. ज्ञानेश्वरी 'ॐ नमो जी आद्या' अशी. दोन्ही नमनं एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणवून घ्या आणि एकच विचारा: साष्टीतल्या माणसाच्या कानावर हे पहिले दोन शब्द पडले तेव्हा त्याला पुढे काय येईल असं वाटलं असेल? आणि मग काय आलं? इथे चर्चेला चांगला अर्धा तास द्या. हिंदू मुलं नमनाची परंपरा सांगतात, ख्रिस्ती मुलं त्यातला 'देवबाप' ओळखतात. दोघांकडे कोड्याचा अर्धा-अर्धा तुकडा असतो.

मग ग्रंथाची चौकट. पुराण म्हटलं की विचारणारा श्रोता आणि सांगणारा वक्ता आलाच. स्टीफन्सनं तीच रचना घेतली: नवख्रिस्ती श्रोते पाद्रीला म्हणतात, आम्हाला पुराण हवं. हे वाचून झालं की वर्गातून प्रश्न येतो, किंवा यायला हवा: यांची आधीची पुराणं कुठे गेली?

इतिहासाचा तास हा. आता तो कोरडा वाटत नाही, कारण मुलांनीच तो मागितलेला असतो. साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली आणि ते काम रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉड्रिग्ज यानं केलं. त्याच रायतूरला ४९ वर्षांनी हे पुराण छापलं गेलं. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं, आणि स्टीफन्स तेव्हा साष्टीतच काम करत होता. जुनी पुराणं बाळगणं, म्हणणं बंद पडलं होतं. ऐकायची सवय मात्र कानातून गेलेली नव्हती. त्या रिकाम्या जागेत ही ओवी आली. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं फर्मान काढून लोकांना तीन वर्षांत आपली भाषा, म्हणजे कोकणी, सोडून पोर्तुगीज बोलायला सांगितलं, म्हणजे ज्या बोलीचं व्याकरण स्टीफन्सनं लिहिलं तीच पोर्तुगीज सत्तेला नकोशी झाली. यातली एकही तारीख गाळू नका. ख्रिस्ती संस्थेत शिकवताना हा भाग मवाळ करण्याचा मोह होतो. मुलांना तो मोह लगेच दिसतो आणि त्यानंतर ती कशावरच विश्वास ठेवत नाहीत. उलट, सगळा ग्रंथ म्हणजे निव्वळ आमिष, असा निकाल देऊनही चालत नाही. अकरा हजार ओव्या एवढ्या मायेनं कुणी आमिष म्हणून लिहीत नाही, हे आमचं मत. वर्गाचं वेगळं असू शकतं. ते ओवीचा आधार देऊन मांडायला लावा, एवढीच अट.

भाषेच्या निवडीबद्दल स्टीफन्स गद्य प्रस्तावनेत स्वतःच बोलतो. देवाविषयीच्या गोष्टी सांगायला इथल्या भाषांत मराठी योग्य वाटली, पण निव्वळ मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द सोडून ठिकठिकाणी सोप्या ब्राह्मणी बोलीचे शब्द मिसळले, असा त्याचा खुलासा आहे. ब्राह्मणी म्हणजे तिथली कोकणी. हा परिच्छेद शिक्षक होऊ घातलेल्या मुलांनी तर पाठच करावा: अवघड ठेवायचं की सोपं करायचं आणि किती, याचा चारशे वर्षांपूर्वीचा हिशोब त्यात आहे.

स्वर्गासाठी तो वैकुंठ घेतो, पवित्र आत्म्यासाठी मात्र लॅटिन-पोर्तुगीज वळणाचाच शब्द ठेवतो. कुठला शब्द इथला घेतला आणि कुठला बाहेरचा ठेवला, याची दोन रकान्यांची यादी मुलांनी गटागटानं करावी, पन्नास ओव्यांवर एक तास. यादी झाली की कारणं शोधायची: कुठे इथल्या शब्दानं घोटाळा झाला असता, कुठे झाला तरी चालण्यासारखा होता? नरकाला कोकणी ख्रिस्ती बोलण्यात 'यमकोंड' आजही ऐकू येतं, हे गोव्याचं कुणी वर्गात असेल तर सांगेल. 'हा समन्वय की डावपेच?' असं मतदान मात्र घेऊ नका. हात वर झाले की विचार संपतो.

सहाव्या आठवड्यापासून मुलांनी स्वतः सांगायला लागायचं. पेपरचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि वेळ नाही म्हणून सर्वांत आधी कापला जातो तोही हाच. तीस तासांतले किमान दहा कथनाला राखून ठेवा.

पहिली कथा काना गावच्या लग्नाची घ्यावी, ज्यात द्राक्षारस संपतो आणि येशू पाण्याचा द्राक्षारस करतो: योहानाच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय, ओळी १ ते ११. छोटी आहे, लग्न सगळ्यांना माहीत असतं, आणि 'ऐन पंगतीत कमी पडलं' ही लाज मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. एकदा मोठ्यानं वाचा आणि पुस्तक मिटा. आता चौघांच्या गटात ज्याला जे आठवतं ते सांगायचं. मग दुसरं वाचन, आणि या वेळी वस्तू मोजायच्या. दगडी रांजण सहा. ग्रीक मापाप्रमाणे एकेकात साधारण ८० ते १२० लिटर, म्हणजे सगळे मिळून पाचशे ते सातशे लिटर. हा आकडा फळ्यावर आला की वर्ग हसतो, आणि कथेतला अतिरेक पहिल्यांदा जाणवतो. तिसऱ्या वाचनात शोधायचं की पाण्याचा द्राक्षारस नेमका कुठल्या वाक्यात झाला. सापडत नाही. रांजण काठोकाठ भरले, काढून भोजनकारभाऱ्याकडे नेलं, त्यानं चाखलं. बदल झाल्याचा क्षण सांगितलेलाच नाही. कारभाऱ्याला ते कुठून आलं ठाऊक नाही, पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक आहे. म्हणून पहिलं कथन चाकराच्या तोंडून करायला द्यावं: सहा मिनिटं, उभं राहून, हातात कागद नाही, आपल्या घरच्या बोलीत.

बोलीचा आग्रह धरा. वसईची सामवेदी, नगरकडची मराठी, मालवणी, गोव्याची कोकणी, जी असेल ती. 'शुद्ध' मराठीत सांगायला लागली की मुलं निबंध बोलतात. चुका ठरलेल्या आहेत. चमत्काराचा क्षण रंगवून सांगतात, म्हणजे मूळ कथेनं जाणूनबुजून झाकलेलं उघडतात. चाकराला येशूची ओळख आधीच असल्यासारखं बोलायला लावतात. आणि शेवटी तात्पर्य जोडतात. शाळेनं लावलेली ही सवय सुटायला तीन कथनं तरी लागतात. उपाय साधा आहे: शेवटचं वाक्य कृतीचंच हवं, असा नियम करा. 'मी रांजण पालथा घालून धुतला' चालेल, 'यातून आपण शिकतो' चालणार नाही.

दुसरी कथा उधळ्या पुत्राची, लूक १५, ओळी ११ ते ३२: वाटणी उधळून परतलेल्या मुलाला बाप जवळ घेतो आणि मोठा भाऊ रुसून बाहेर थांबतो. ही तीन भाषांतरांत वाचावी: बायबल सोसायटीचं प्रचलित भाषांतर, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं आणि १९२४ मध्ये मुक्ती मिशनात छापलेलं भाषांतर, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल'. दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यामुळे मराठीच्या विद्यार्थ्याला ते नाव परकं नसतं. तिन्हींत बाप मुलाला पाहून धावतो त्या ओळीवर थांबा. क्रियापदं उतरवून काढा. कोण धावतो, कोण गळ्यात पडतो, बाप बोलतो कधी आणि न बोलता करतो काय. मोठा भाऊ शेवटी घरात गेला की नाही हे कथा सांगत नाही. तिथेच कथन थांबवण्याची हिंमत मुलांत यायला हवी.

इथेच एक व्यावहारिक पेच येतो: निवेदकानं येशूला 'तो' म्हणायचं की 'ते'? प्रचलित मराठी बायबलात 'तो' आहे. हिंदू मुलं संकोचून 'ते' वापरतात, ख्रिस्ती मुलांना ते परीटघडीचं वाटतं. वारकरी विठ्ठलाला एकेरीतच हाक मारतो, एवढी आठवण पुरते. निर्णय मुलांवर सोडा, पण एकदा घेतला की कथनभर पाळायचा. पहिल्या वाक्यात 'ते' आणि पाचव्यात 'तो' झालं की ऐकणारा गोंधळतो.

यानंतर कीर्तन. अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन आपलंसं केलं, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत हक्काची जागा दिली. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे येशूचं काव्यचरित्र साडेदहा अध्यायांवर थांबलं. पुढचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. स्टीफन्सपेक्षा इथे चित्र उलटं आहे: सांगणारा इथलाच, संस्कार वारकरी संतांचे, आणि परकेपणाचा ठपका ठेवणारेही घरचेच. स्टीफन्सनंतर लगेच टिळक वाचले तर 'ख्रिस्ती मराठी' ही एकच गोष्ट नाही, हे कळतं. सत्रात टिळकांना तीन-चार तास पुरतात.

वर्गात कीर्तन करायचं तर नारदीय घाट घ्यावा आणि तो छोटा करावा: नमन दोन मिनिटं, पूर्वरंगात एका ओवीचं किंवा अभंगाचं निरूपण सहा मिनिटं, मध्ये एक भजन, उत्तररंगात आख्यान आठ मिनिटं, शेवटी प्रार्थना किंवा नुसतं मौन. पाच जणांचा गट, सगळं मिळून वीस मिनिटं. आख्यानाला उधळा पुत्र फार चांगला बसतो. बिघडतं ते पूर्वरंगात: मुलांना आख्यान रंगवता येतं, पण निरूपण करायचं म्हणजे एका शब्दावर थांबून तो उलगडायचा, आणि त्यासाठी वाचन लागतं. दुसरा धोका नाटकाचा. झगे, दाढ्या, पार्श्वसंगीत आलं की कीर्तन संपलं. एकच माणूस बाप, मुलगा आणि भाऊ होतो, नुसत्या आवाजानं आणि मानेच्या वळणानं. वेश वर्ज्य, हे आधीच लिहून द्या.

मिश्र वर्गाबद्दल. राज्यघटनेच्या २८(३) कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय, तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. ग्रंथाचा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे. धर्मांविषयी शिकवणं आणि धर्म शिकवणं यांतला फरक सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे. तरी रेषा स्वच्छ दिसली पाहिजे. वर्गाची सुरुवात प्रार्थनेनं करू नका, चॅपलमधली हजेरी गुणांना जोडू नका, कीर्तनातल्या शेवटच्या प्रार्थनेऐवजी मौन निवडायची मुभा लेखी द्या. आणि ख्रिस्ती मुलांना 'तुमच्यात काय म्हणतात?' असं सारखं विचारू नका. वसईचा कॅथलिक आणि जालन्याचा प्रोटेस्टंट यांच्यात 'तुमच्यात' एक नसतं, आणि अठरा वर्षांच्या पोरावर सगळ्या धर्माची वकिली लादणं बरं नाही.

श्रद्धावंताच्या आवाजात सांगणं म्हणजे ती श्रद्धा स्वीकारणं नव्हे, आणि तिची नक्कल करणंही नव्हे. हे समजायला मुलांना वेळ लागतो. दोन टोकं दिसतात: एक डोळे मिटून गहिवरतो, दुसरा ओठांच्या कोपऱ्यात हसत सांगतो. दोघांनाही एकच सूचना द्या: ऐकणाऱ्यांत असा एकजण बसलाय की ज्याला ही कथा खरी वाटते, त्याच्याकडे बघून सांग. भल्याभल्यांचा सूर यानं जाग्यावर येतो. 'शेवटी सगळे धर्म एकच सांगतात' या वाक्यावर मात्र वर्गात बंदीच घाला. ते सौजन्यानं म्हटलं जातं, पण त्यानंतर वैकुंठ आणि स्वर्ग यांत फरक काय हे कुणी विचारत नाही.

मूल्यमापन. पेपर ५० गुणांचा असेल तर पठणाला १०, एकट्याच्या कथनाला १५, शब्दांच्या यादीला आणि तिच्यावरच्या दोन पानी टिपणाला १०, लेखी परीक्षेला १५, अशी विभागणी करता येते. विद्यापीठाच्या आराखड्यात लेखीला जास्त गुण सक्तीचे असतील तर लेखी पेपरातच न पाहिलेली एक ओवी द्या: अक्षरं मोजा, यमक दाखवा, श्रोता कोण असेल ते शब्दांवरून सांगा. गाईडमधून याचं उत्तर लिहिता येत नाही. कथन पाठ करून किंवा यंत्राकडून लिहून आणलेलं आहे का, हे ओळखायला तोंडी परीक्षेत दोन मिनिटं पुरतात: 'हीच कथा आता मोठ्या भावाच्या तोंडून सांग.' ज्यानं कथा खरोखर धरलेली असते तो अडखळत का होईना, सांगतो. पठणाचे गुण आवाजाला देऊ नका, चरणाच्या जाणिवेला द्या. गाता गळा असलेली चार मुलं सगळे गुण घेऊन जातात आणि बाकीचे गप्प होतात.

शेवटचं, वेळापत्रकाचं. पेपर शक्यतो दुसऱ्या सत्रात ठेवा. उपवासकाळ, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीचे (ईस्टरआधीचे) चाळीस दिवस, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पडतो. दुःखभोगाच्या ओव्या तेव्हा वर्गात येतील अशा बेतानं मांडणी केली तर जवळच्या चर्चमध्ये त्या काळात चालणारी मराठी किंवा कोकणी गायनं मुलांना प्रत्यक्ष ऐकता येतात. भेट ऐच्छिक ठेवा, धर्मगुरूंची परवानगी आधी घ्या, दहा-बारा जणांपेक्षा मोठा गट नेऊ नका आणि मागच्या बाकांवर बसा. आत ध्वनिमुद्रण नको, वहीही उघडायची नाही. बाहेर आल्यावर, चहा घेण्याआधी, प्रत्येकानं कानात राहिलेल्या तीन ओळी लिहून काढायच्या, आणि पुढच्या तासाची सुरुवात त्या ओळींपासून करायची.